आई-बाबांना घेऊन युर्टमध्ये: ओरेगनच्या किनाऱ्यावरच्या मुक्कामाची तयारी

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात. पहिले दोन आठवडे कौतुकात जातात आणि मग पोर्टलंडच्या आसपासचे आपले सगळे धबधबे दाखवून संपतात. समुद्राकाठी दोन रात्री राहू म्हणावं, तर मोटेल महाग पडतं आणि खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. तंबूचं नाव काढलं की आई विचारते, "जमिनीवर झोपायचं?" बाबा विचारतात, "पाऊस आला तर?" आणि थोड्या वेळाने आई हळूच विचारते, "रात्री उठायचं झालं तर?"

यातल्या पहिल्या दोन प्रश्नांना ओरेगनच्या राज्य उद्यानांकडे चांगलं उत्तर आहे, ते म्हणजे युर्ट. तिसऱ्याला नाही. स्वच्छतागृह बाहेर, चालत जायच्या अंतरावरच असतं. म्हणून या लेखातली बरीचशी तयारी त्या तिसऱ्या प्रश्नाभोवतीच फिरते.

युर्ट म्हणजे नक्की काय मिळतं

मूळ युर्ट मध्य आशियातल्या भटक्या पशुपालकांचं घर. मंगोलियात त्याला गेर म्हणतात. लाकडी पट्ट्यांची घडीची जाळी गोलाकार उभी करायची, मधल्या कड्यापर्यंत वासे न्यायचे आणि वरून लोकर कुटून केलेला नमदा गुंडाळायचा. घर उंटांवर लादून पुढच्या कुरणात नेता येतं. गेर बांधण्याच्या कलेला २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली, आणि किर्गिझस्तानच्या झेंड्यावर मधोमध दिसतं ते युर्टचं छताचं कडंच.

ओरेगनमधलं युर्ट हा त्याचा स्थायिक झालेला चुलतभाऊ. जाळी, वासे आणि मधलं कडं तेच, पण नमद्याऐवजी जाड व्हिनाइलचं कापड, खाली लाकडी तळ आणि दाराला कुलूप. वर नमद्याच्या झडपेच्या जागी पारदर्शक घुमट असतो. १९९३ साली केप लुकआउटला पहिल्यांदा अशी युर्ट उभी राहिली. पावसाळी महिन्यांत ओस पडणाऱ्या उद्यानांत लोकांनी यावं, हा त्यामागचा हेतू. तो इतका सफल झाला की आता शनिवारचं युर्ट मिळवणं हीच मोठी अडचण आहे.

साध्या युर्टचा व्यास १६ फूट. आत एक दुमजली पलंग असतो, खालची गादी रुंद आणि वरची अरुंद. शिवाय उघडून पलंग होणारा सोफा, छोटं टेबल, दिवा आणि हीटर. पाच जण झोपतात. विजेची सोय असते. बाहेर छोटा ओटा, बाकांचं टेबल आणि शेकोटीचं लोखंडी कडं, आणि पिण्याच्या पाण्याचा नळ जवळपास. गरम पाण्याचे शॉवर सार्वजनिक स्वच्छतागृहात असतात.

आता जे नसतं ते. अंथरूण-पांघरूण नसतं, भांडी नसतात, स्वयंपाकघर नसतं. हे ठळक सांगायचं कारण म्हणजे आम्ही पहिल्या खेपेला 'पलंग आहे' एवढंच वाचून दोन पातळ चादरी घेऊन गेलो होतो. गादीला पुसता येईल असं गुळगुळीत प्लास्टिकसारखं आवरण असतं, आणि ते रात्री गार पडतं. बाबा सकाळपर्यंत स्वेटर आणि कानटोपी घालून बसून होते. तक्रार केली नाही, पण परतीच्या वाटेत शेजारच्या मोटेलची पाटी मोठ्याने वाचली.

उद्यान निवडताना

घरात साठीपुढचं कोणी असेल आणि ही पहिलीच वेळ असेल, तर थेट समुद्रावर जाऊ नका. आधी शँपोएगला एक रात्र काढा. विलामेट नदीकाठचं हे उद्यान पोर्टलंडपासून पाऊण तासावर आहे. रस्ते सपाट आहेत आणि वाराही कमी. ओरेगनचं पहिलं हंगामी सरकार बनवायचं की नाही याचं मतदान १८४३ च्या मे महिन्यात इथेच झालं, त्यामुळे बाबांना वाचायला पाट्याही भरपूर. कुणाला नाहीच जमलं, तर रात्री दहाला गाडी काढून घरी येता येतं. रंगीत तालीम म्हणून इतकी सोयीची जागा दुसरी नाही.

समुद्रावर जायचं ठरलं की माझा क्रम असा. आई-बाबा आणि लहान मुलं एकत्र असतील तर फोर्ट स्टीव्हन्स. पोर्टलंडच्या हिल्सबरो-बीव्हर्टन या उपनगरांकडून साधारण दोन तास. १९०६ साली वाळूत रुतलेल्या पीटर आयरडेल जहाजाचा गंजलेला सांगाडा किनाऱ्यावर आहे आणि तिथपर्यंत गाडी जाते. ज्यांना फार चालवत नाही त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. जून १९४२ मध्ये एका जपानी पाणबुडीने या किल्ल्यावर तोफगोळे टाकले होते, त्या काळातल्या तोफांच्या जागाही बघता येतात.

केप लुकआउट जास्त देखणं आहे. युर्टपासून लाटांचा आवाज येतो. पण तिथली मुख्य पायवाट कड्याच्या टोकापर्यंत जाऊन-येऊन पाच मैलांच्या आसपास भरते आणि पावसात चिखल होतो. गुडघेदुखीवाल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, किनाऱ्यावरच बसावं. न्यूपोर्टजवळचं साउथ बीच हे मोठं उद्यान. तिथे युर्ट बरीच असल्याने बुकिंग मिळायची शक्यता जास्त, आणि मत्स्यालय जवळच, त्यामुळे पावसाचा दिवसही वाया जात नाही. नेहेलम बे शांत आहे. फ्लॉरेन्सजवळच्या हनीमनला वाळूच्या टेकड्या आणि तळी आहेत, मुलं तिथून हलत नाहीत.

आईचा तिसरा प्रश्न कुठल्याच तडजोडीने सुटणार नसेल, तर अम्पक्वा लाइटहाउसची डिलक्स युर्ट बघा. त्यांत आतच न्हाणीघर आणि छोटं स्वयंपाकघर असतं. भाडं जास्त, जागा मोजक्या आणि पोर्टलंडहून अंतरही बरंच. तरी मिळालं तर घ्या, विचार करत बसू नका.

सिएटलकडच्या मंडळींना वॉशिंग्टनच्या केप डिसअपॉइंटमेंटला आणि ग्रेलँड बीचला, अटलांटावाल्यांना क्लाउडलँड कॅन्यन किंवा फोर्ट यार्गोला अशीच सोय आहे. नियम थोडे वेगळे असतील, पण पुढची बरीचशी तयारी तिथेही लागू पडते.

बुकिंग: सहा महिने आधीचं गणित

ओरेगनच्या राज्य उद्यानांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, आणि ते रोज एकेक दिवसाने पुढे सरकतं. म्हणजे १० जुलैला पोचायचं असेल तर १० जानेवारीला बुकिंग करायचं. आई-बाबांचा व्हिसा, तिकीट, कोणाची मुंज, हे सगळं ठरायची वाट बघितली तर जुलै-ऑगस्टचे शनिवार गेलेले असतात. तिकिटाचा महिना नक्की झाला की आधी युर्ट, मग बाकीचं.

त्या सकाळी खातं उघडून, कार्डाचा तपशील भरून तयार राहा. उद्यानाचा नकाशा आदल्या रात्रीच बघून तीन क्रमांक लिहून ठेवा. यात आळस करू नका, कारण साधी युर्ट आतून सारखीच असतात आणि फरक पडतो तो जागेने. स्वच्छतागृहापासून एक-दोन जागा सोडून असलेलं युर्ट सर्वांत चांगलं. अगदी समोरचं घेतलं तर रात्रभर दार आपटतं आणि दिवा डोळ्यांवर येतो. फार लांबचं घेतलं तर रात्री दोन वाजता आईसोबत टॉर्च घेऊन तुम्हालाच चालायचं आहे. नकाशावर वाट सरळ आहे की वळणाची, तेही बघा. रॅम्प असलेली काही युर्ट अपंगांसाठी राखलेली असतात, खरी गरज असेल तरच ती धरा.

शनिवार-रविवार मिळत नसेल तर रविवार-सोमवार घ्या. निवृत्त माणसांना वाराचं काय पडलंय, रजा काढायची ती तुम्हाला. आणि सरळ सप्टेंबर बघा. जुलैत पोर्टलंड तापलेलं असतं तेव्हा किनाऱ्यावर १५ ते १८ अंश, दुपारी बोचरा वारा आणि बऱ्याचदा धुकं. सप्टेंबरमध्ये वारा पडतो, ऊन स्वच्छ असतं आणि शाळा सुरू झालेल्या असल्याने गर्दी ओसरते. माझ्या मते ओरेगनचा किनारा बघायचा महिना तोच.

बुकिंग रद्द झालेल्या जागा रोज परत येत असतात, म्हणून हुकलं तरी आठवडाभर आधीपर्यंत सकाळ-संध्याकाळ साइट बघत राहा. आरक्षण शुल्क मात्र तुम्ही रद्द केलंत तर परत मिळत नाही. बाहेरच्या राज्यातल्यांना भाडं जास्त पडतं. कुत्रा नेणार असाल तर त्याला चालणारं युर्ट वेगळं निवडावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे पडतात.

गाडीत काय भरायचं

सर्वांत आधी अंथरूण. प्रत्येक गादीवर पसरायला जाड रजई, त्यावर चादर, मग पांघरूण. झोपायच्या पिशव्या, म्हणजे स्लीपिंग बॅग, मुलांना आवडतात. आई-बाबांना त्यात पाय बांधल्यासारखे वाटतात. घरची सोलापुरी चादर आणि वर दुलई हेच बरं. उशा घरच्याच न्या. खालची रुंद गादी आई-बाबांना द्या. वरचा पलंग लहान मुलाला आणि सोफ्यावर तुम्ही. वरच्या पलंगावर 'मी झोपतो' म्हणणाऱ्या बाबांना शिडी दाखवा.

मग रात्रीचं सामान. प्रत्येकाला वेगळा टॉर्च, आणि शक्यतो डोक्याला बांधायचा, म्हणजे काठी धरायला हात मोकळा राहतो. मागून पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या चपला. आईसाठी लांब, टोपीचा रेनकोट, कारण छत्री किनाऱ्याच्या वाऱ्यात उलटते. झाकणाचं छोटं भांडं किंवा कमोड-खुर्ची नेणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट नेलेलं असलं की कोणालाच ताण राहत नाही. औषधं एका पिशवीत आणि ती पिशवी उशाशी, गाडीत नाही.

बाकी पायपुसणं (वाळू आत येतेच), केरसुणी, कपडे वाळत घालायला दोरी, खेळायला पत्ते. फोन चार्ज करता येतो, पण कित्येक उद्यानांत रेंज लागत नाही, म्हणून रस्त्याचा नकाशा आधी उतरवून ठेवा. एक गोष्ट मुद्दाम घरी ठेवा: अगरबत्ती आणि निरांजन. युर्टच्या आत कसलीही ज्योत चालत नाही. आईला संध्याकाळी दिवा लावायचाच असेल तर बॅटरीवरचा छोटा दिवा न्या. तिने आधी नाक मुरडलं, पण दुसऱ्या दिवशी तोच दिवा रात्रभर दाराशी लावून ठेवायची युक्ती तिनेच काढली.

जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, उद्यानातच विकत घ्या. लाकडातून किडे एका जंगलातून दुसऱ्यात जातात. ॲश झाडं पोखरणारा पाचूच्या रंगाचा भुंगेरा २०२२ साली ओरेगनमध्ये पहिल्यांदा सापडला, तो हिल्सबरोच्या शेजारच्याच फॉरेस्ट ग्रोव्हला.

पोचल्यावर

ताबा दुपारी चारनंतर मिळतो. लवकर पोचलात तर किनाऱ्यावर वेळ काढा, मुक्कामाची पावती असली की दिवसाचं वेगळं पार्किंग शुल्क भरावं लागत नाही. चावी मिळणार की कुलपाचा आकडा, हे निघण्यापूर्वी बुकिंगच्या संदेशात बघून घ्या, विशेषतः अंधार पडल्यावर पोचणार असाल तर.

आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं अशी घालवा. हीटर लावून बघा. दिवे लागतात का बघा. मग बाहेर जाऊन खिडक्या बघा, कारण युर्टच्या खिडक्यांची झडप बहुधा बाहेरून लावायची असते. हे माहीत नसलं की रात्री पाऊस आल्यावर पायजम्यात बाहेर जाऊन ती शोधावी लागते. घुमट थोडा उघडता येतो, झोपण्यापूर्वी तो लावला आहे ना याची खात्री करा. आणि उजेड आहे तोवर आई-बाबांना स्वच्छतागृहापर्यंत एकदा चालवून आणा. वाट पायाखालची झाली की रात्रीची भीती निम्मी होते.

स्वयंपाक बाहेर

साध्या युर्टच्या आत स्वयंपाक करायला मनाई आहे. कापडी घरात आग लागली तर पळायला वेळ मिळत नाही, आणि फोडणीचा वास एकदा छताला लागला की पुढच्या कुटुंबाला तोच हुंगत झोपावं लागेल. 'फक्त चहा' हीही पळवाट शोधू नका. बाकाच्या टेबलावर दोन बर्नरची गॅसची शेगडी मांडा, भिंतीपासून लांब. वाऱ्याला आडोसा म्हणून पत्र्याची घडीची भिंत मिळते. ती नसेल तर पाणी उकळता उकळत नाही.

जेवण सोपं ठेवा. पहिल्या रात्रीसाठी घरून पोळ्या आणि मटकीची सुकी उसळ. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजणीचं पीठ भिजवून थालीपीठ, रात्री पिठलं-भात. मात्र शेकोटीचा खरा उपयोग वांग्याला. निखाऱ्यांवर वांगी, कांदे आणि रताळी भाजा. तसं भरीत हिल्सबरोच्या इलेक्ट्रिक शेगडीवर जन्मात होणार नाही. बाबा त्या रात्री पहिल्यांदा म्हणाले की जागा बरी आहे. उन्हाळ्याच्या शेवटी वणव्यांमुळे शेकोटीवर बंदी येऊ शकते, तेव्हा वांग्यांसोबत पर्यायी बेतही ठेवा.

जेवण झालं की सगळं खाणं गाडीत, काचा बंद. रॅकून हाताने झाकणं उघडतो आणि 'जे' नावाचे निळे पक्षी ताटातलं उचलून नेतात. शेंगदाण्याची चटणी विसरलात तर ती गेली.

रात्री दहा ते सकाळी सात शांततेची वेळ. युर्टची भिंत म्हणजे कापड, भारतात फोन लावून स्पीकरवर बोललात तर तीन युर्टपर्यंत ऐकू जातं. पाऊस आला तर छतावर ताशा वाजल्यासारखा आवाज होतो. मुलं झोपतात, मोठे जागे राहतात. कानात घालायला कापूस न्या.

समुद्र: गणपतीपुळे नव्हे

हा भाग आई-बाबांनाही वाचून दाखवा. कोकणात आपण पाण्यात गुडघाभर उभे राहतो, पाठ करून फोटो काढतो. इथे ते करायचं नाही. उन्हाळ्यातही पाणी १० ते १३ अंशांच्या आसपास असतं. आणि इथे अचानक एखादी लाट इतर लाटांपेक्षा खूप वर, कोरड्या वाळूपर्यंत येते आणि माणसाला ओढून नेते. किनाऱ्यावर पडलेले मोठे ओंडके बसायला छान दिसतात, पण थोडंसं पाणी आलं तरी ते तरंगून उलटतात आणि माणूस खाली चिरडला जातो. पाण्याजवळच्या ओंडक्यावर कोणालाही बसू देऊ नका. समुद्राकडे पाठ नाही, मुलांचा हात सोडायचा नाही, आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक सकाळीच बघायचं.

दुसरी गोष्ट त्सुनामीची. या किनाऱ्यासमोर समुद्रतळाशी मोठी भ्रंशरेषा आहे. २६ जानेवारी १७०० रोजी तिथे ९ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याच्या लाटा जपानपर्यंत पोचल्या. किनाऱ्यावरची बरीच उद्यानं सखल भागात आहेत. पोचल्या दिवशीच, उंचावर जायच्या वाटेची पाटी सगळ्यांना दाखवा. जमीन जोरात आणि बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट बघायची नाही, सामान घ्यायचं नाही, थेट चढावाकडे चालायचं. आई-बाबांचा वेग लक्षात घेऊन ती वाट एकदा चालून बघितलीत तर उत्तम.

हिवाळ्यात जायचं असेल तर

आई-बाबा नसताना आम्ही डिसेंबरात जातो. गर्दी नाही, हीटर आहे, वादळात समुद्र बघण्यासारखा असतो. डिसेंबरच्या अखेरीस करडे देवमासे दक्षिणेला जातात आणि मार्चच्या अखेरीस पिल्लांच्या ओढीने नव्हे, तर अलास्काकडच्या खाद्याच्या ओढीने उत्तरेला परततात. या दोन्ही आठवड्यांत स्वयंसेवक किनाऱ्यावर ठिकठिकाणी उभे राहून ते कुठे बघायचे हे दाखवतात. दुर्बीण न्या. पोर्टलंड आणि किनारा यांच्यामधल्या कोस्ट रेंज या डोंगररांगेच्या घाटात बर्फ असू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी राज्याच्या ट्रिपचेक साइटवर रस्त्याचे कॅमेरे बघा, आणि उजेडातच घाट ओलांडा.

निघताना

राख पाणी ओतून पूर्ण विझवा, हात जवळ नेऊन उष्णता लागते का बघा. केर काढा, गाद्या पुसा. दुमजली पलंगाखाली आणि सोफ्याच्या फटीत हात घाला, मुलांचे मोजे आणि बाबांचा चष्मा तिथेच सापडतो. गॅसचे छोटे हिरवे सिलिंडर कचऱ्याच्या डब्यात टाकायचे नसतात, ते कुठे ठेवायचे हे उद्यानाच्या माणसांना विचारा. हीटर आणि दिवे बंद करा, खिडक्यांच्या झडपा लावा. आणि युर्टचा क्रमांक फोनमध्ये लिहून ठेवा, शेजारी शेराही: 'स्वच्छतागृह साठ पावलं, वाट सरळ, सकाळी ऊन येतं, आईला चाललं.'